टेकाडावरची फुली

१

तपासनिसानं आयुष्यातली चौतीस वर्षं बसून काढली. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, कचेऱ्यांमधून सगळेच बसून काढतात. पण याचं बसणं हेच काम होतं. खुर्च्यांच्या कारखान्यात तयार झालेली प्रत्येक खुर्ची शेवटी त्याच्यापुढे यायची. तो तिच्यावर बसायचा, एकदा डावीकडे कलायचा, एकदा उजवीकडे, मग पाठ टेकायचा आणि उठायचा. कुठे काही खटकलं, की खिशातून खडू काढून बरोब्बर त्या जागी पांढरी फुली. फुलीचा एक पाय लांब आणि शेपटीसारखा वळलेला. ती खुर्ची मागे सुतारांकडे जायची आणि खोट काढून परत यायची. सुतार त्याला तोंडावर साहेब म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला एक खुर्ची भेट दिली. हा पठ्ठ्या बसला, कलला, उठला आणि भर समारंभात तिच्यावर फुली मारली. मालकाचं भाषण तिथेच संपलं.

घरातही तेच. बरणीचं झाकण बसत नाही, फुली. दाराची कडी कुरकुरते, फुली. एकदा तर कुणाच्याशा लग्नात डुलकी काढणाऱ्या मेहुण्याच्या टकलावर फुली मारून हा साळसूदासारखा पाहुण्यांत जाऊन बसला. घरातल्या फुल्या मात्र फुल्याच राहायच्या. तिथे मागे सुतार नव्हते, बायको होती, आणि ती म्हणायची, "दिसतंय तर करा की तुम्हीच."

मग डॉक्टरांनी साखर बघितली आणि रोज चाला म्हणून सांगितलं. गावातला चालणारा माणूस म्हटला की मोठ्या डोंगरावर जाणार. तिथे पायऱ्या आहेत, वर दुर्बीण आहे, आणि दर दहा पावलांवर ओळखीचं कुणीतरी तुमची साखर विचारायला उभं आहे. तपासनीस उलट्या दिशेला निघाला. सिलिंडरच्या गोदामामागे पाच टेकाडं होती. बसकी, काटेरी, फोटोतसुद्धा कुणी न घेतलेली. कारखान्यात आठवड्याचा पगार गुरुवारी व्हायचा, तर ह्यानं वारही तोच धरला.

पहिल्याच गुरुवारी टेकाडांनी त्याची पार निराशा केली. वाट अशी की शेळीनंही विचार करावा. तिसऱ्या वळणावरचा सपाट दगड दुधाच्या दातासारखा हलत होता. तपासनिसानं त्यावर पाय दिला आणि चौतीस वर्षं हजारो खुर्च्यांवरून न पडलेला माणूस दाणकन बसला.

उठला, चड्डी झटकली, इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. म्हणून स्वतःशीच हसत त्यानं खडू काढला आणि त्या दगडावर फुली मारली.

२

पुढच्या गुरुवारी दगड हलला नाही.

त्यानं दोन्ही पायांनी उभं राहून बघितलं. डावीकडे कलला, उजवीकडे कलला. दगड असा बसलेला, जणू टेकाड त्याच्याभोवती नंतर बांधलं असावं. फुली पुसलेली होती.

डोकं म्हणालं, पावसानं माती बसली असेल. पाऊस पडला नव्हता. डोकं म्हणालं, कुणा गुराख्यानं खाली आधाराला दगडाची चीप ठोकली असेल. तपासनीस पोटावर आडवा झाला आणि त्यानं बोट घालून बघितलं. चीप नव्हती.

दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. पण हा हाडाचा खोडकर, त्यात निवृत्त. त्यानं टोपी ओढणाऱ्या बाभळीच्या फांदीवर फुली मारली. माथ्याजवळ बसण्याजोगा एक कातळ होता, पण पुढे उतरता, बसलं की माणूस घसरायचा. त्यावर फुली. आणि समोरचा सगळा देखावा अडवून बसलेला एक उंचवटा होता, चांगला घराएवढा. त्याच्या अंगावर हातभर लांबीची फुली ओढून तो म्हणाला, "दम असेल तर कर हे."

आठ दिवस त्याला करमेना. गुरुवारी तो न्याहारी न करताच निघाला.

फांदी वाटेवरून बाजूला वळली होती. कातळावर तो बसला आणि त्याच्या कमरेतला जो बाक भल्याभल्या खुर्च्यांना कधी समजला नव्हता, तो कातळाला समजला. समोर उंचवटा होता, पण आता गुडघ्याएवढा. त्याच्यावरून खाली नदी दिसत होती, तिचे दोन्ही पूल, गावाची छपरं, कारखान्याची चिमणी. मोठ्या डोंगरावरून, दुर्बिणीतूनही, इतकं दिसत नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उलट उत्तर न देता त्याचं ऐकलं होतं.

मग सवयीनं तो काम तपासायला उठला. छिन्नीची खूण नाही. कपची नाही, भुगा नाही, ताजी माती नाही. घराएवढा उंचवटा गुडघ्याएवढा झाला होता आणि त्याच्यावरचं शेवाळ शंभर वर्षांचं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड होतं. कितीही चांगला सुतार असो, त्याच्या कामात कुठेतरी त्याचा अंगठा सापडतो. सरसाचा थेंब, रंधा अडखळलेली जागा. इथे कुणाचाच अंगठा नव्हता.

देखावा एवढा सुंदर होता, की त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं.

३

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. साठी उलटली तरी धाकटाच. त्याच्या डाव्या कानाला एक खाच होती. लहानपणी बहिणीनं त्याला सायकलवरून ढकललं आणि कान कुंपणाच्या तारेत अडकला, तेव्हाची. या खाचेच्या जिवावर त्यानं पन्नासेक वर्षं राज्य केलं. खिडकीची जागा हवी, "ताई, माझा कान." शेवटचं बिस्किट हवं, "ताई, कान दुखतोय गं." ताई शिव्या द्यायची आणि बिस्किट द्यायची.

त्याची दुसरी खोड म्हणजे विनोद. सांगायला घ्यायचा आणि निम्म्यात स्वतःच हसत सुटायचा. त्याचा एकही विनोद कधी कुणी पूर्ण ऐकलेला नाही.

"भावोजी, त्या गोदामामागच्या उकिरड्यावर जाता म्हणे फिरायला?"

"ये एकदा. मग बोल."

"कोट घालून येऊ, की अंगावर पोतं घेऊन?"

कोट घालून आला. वाटभर तोंड चालू. पण माथ्यावर पोचला, खाली नदी बघितली, आणि दोन मिनिटं गप्प बसला. तपासनिसानं घड्याळ लावून मोजली ती दोन मिनिटं.

"भावोजी, मानलं," तो म्हणाला. "गाव वेडं आहे. आपण सगळे जन्मभर भलतीकडेच चढत राहिलो." मग लगेच मूळपदावर आला. "यावरून आठवलं. एक माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकतो. दुकानदार म्हणतो, गुरुवारी या. तो गुरुवारी जातो, तर दुकानदार..." आणि गेला हसण्यात वाहून. मांडीवर थापा मारतोय, डोळ्यांतून पाणी.

"दुकानदार काय?"

"दुकानदार... अहो तो..." पुन्हा हसणं.

तपासनीस समोरच्या देखाव्याकडे बघत, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "काय हा अर्धवट माणूस. याला कुणीतरी नीट करा रे बाबा."

घरी परतल्यावर बायकोनं भावाचा कोट खुंटीला अडकवायला घेतला आणि थांबली. कोटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, खडूची पांढरी फुली होती.

"पोरकटपणा कधी जाणार तुमचा?" ती म्हणाली. मेहुणा खो खो हसला.

तपासनीसही हसला, कारण त्याच्याकडून तीच अपेक्षा होती. मग जवळ जाऊन त्यानं फुली निरखली. एक पाय लांब, शेपटीसारखा वळलेला. त्याचंच वळण. फक्त त्यानं ती मारली नव्हती. दिवसभर खडू खिशातून बाहेरच निघाला नव्हता.

४

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी चहाला मेहुणा आला. दारात चपला काढल्या आणि जोडीनं, टाचा भिंतीला लावून ठेवल्या. खुर्चीवर ताठ बसला.

"घड्याळाचं सांगतो," म्हणाला. "एक माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकतो. दुकानदार म्हणतो, गुरुवारी या. तो गुरुवारी जातो, तर दुकानदार म्हणतो, कुठल्या ते तुम्ही विचारलंच नाहीत." एवढं बोलून त्यानं चहाचा घोट घेतला आणि कप बशीत आवाज न करता ठेवला.

घरात कुणी हसलं नाही.

"बरं वाटत नाही का रे?" बहिणीनं विचारलं.

"उत्तम आहे, ताई."

ती कप उचलायला वाकली आणि तशीच राहिली. मग तिनं भावाचा डावा कान हातात धरला, लहान मुलाचा धरतात तसा. कान पुरता होता. गोल, सलग, खाच नाही. जिथे खाच होती तिथली कातडी बाकीच्या कानाइतकीच जुनी होती, तशीच सुरकुतलेली, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड.

"तुझी खाच कुठे गेली?"

"कुठली खाच?" मेहुण्यानं सौजन्यानं विचारलं.

"मी पाडलेली. सायकलवरून."

"तू मला कधीच पाडलं नाहीस, ताई. तू फार सांभाळायचीस."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडी घासत नव्हती, नुसता नळ. तपासनिसानं नळ बंद केला आणि हलणाऱ्या दगडापासून सगळं सांगितलं. एरवी ती त्याच्या निम्म्या गोष्टी थाप म्हणून उडवून लावायची. ही तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"म्हणजे तुम्ही बोललात आणि तिथं जो कोणी आहे त्यानं केलं."

"मी गमतीनं बोललो गं."

"त्याला कुठे कळतंय." तिनं हात पुसले. "उद्या जाऊ. माझा भाऊ मला होता तसा परत हवाय, कानासकट."

"तू नको येऊस."

"तुम्ही मला विचारलं नव्हतं, मीही विचारत नाहीये."

५

चढताना त्यानं तिला तीनदा बजावलं. वर गेल्यावर कशाला नावं ठेवायची नाहीत. मला नाही, स्वतःला नाही, कुणालाच नाही.

"मग आपण बोलणार काय?" ती म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला टेकाड आवडलं, आणि आवडल्याचा तिला राग आला. वाट तिच्या पावलांच्या मापाची होती. वारा पाठीवर होता. माथ्यावरचा कातळ आता दोघांपुरता रुंद झाला होता, तिच्या बाजूला जरा ठेंगणा, पाय टेकतील असा. ती बसली नाही. उंचवट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐका हो, जो कोणी असाल तो. माझ्या भावात काही खोट नव्हती. होती ती मी केलेली होती. परत द्या."

वारा थांबला. मग उंचवट्याच्या पलीकडून, जिथून उतार सरळ खाली जातो आणि माणसाला उभं राहायला जागा नाही, तिथून आवाज आला.

"...गुरुवारी या. तो गुरुवारी जातो, तर दुकानदार... अहो दुकानदार..." आणि हसणं. मांडीवर थापा. मेहुण्याचं जुनं, वाहून जाणारं हसणं.

सुतारशाळेच्या मागे कापून टाकलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तो तपासनिसाला आठवला.

आणि बायको हसली. रडायच्या जागी हसली, तिचं हसणंच तसं. नाकातून आधी फुर्रकन एक आवाज निघायचा, डुकरासारखा म्हटलं तरी चालेल, आणि मग मागून हसू यायचं. जुन्या मालकाच्या शोकसभेत ती अशी हसली होती. तपासनिसाला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं, आणि पुढे महिनाभर तो आठवून आठवून हसला होता.

पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. कुणीतरी कान देऊन ऐकावं तसा.

त्या शांततेला घाबरून त्यानं तिचा दंड धरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, असं हसू नकोस."

बोलला आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

उतरताना तो तिच्या मागून चालला, तिच्या पाठीवर डोळा ठेवून. गोदामापर्यंत स्वेटर कोरा होता. रस्ता ओलांडताना एक ट्रक आडवा आला, तेवढाच वेळ त्याची नजर हलली. ट्रक गेला तेव्हा फुली होती.

६

ब्रशनं गेली नाही. साबणानं गेली नाही. तिनं स्वेटर काढून दुसरा घातला, तर फुली त्याच्यावर. कपाट उघडलं. आत टांगलेल्या तिच्या प्रत्येक कपड्याच्या पाठीवर, एकाखाली एक, एकाच उंचीवर, पांढऱ्या फुल्या होत्या.

"काय म्हणालात तुम्ही, तेवढंच जाणार ना?" ती पलंगावर बसून म्हणाली. "हसणं?"

"नाकातला तो आवाज."

"मग राहिलं काय? नुसतं हसायला बायका खूप आहेत." मग जरा वेळानं, "भावाकडे बघितलंत ना. त्याला काही दुखत नाही, खुपत नाही. गेलंय तेही माहीत नाही त्याला. मला माहीत नसेल, अहो. तुम्हाला एकट्याला माहीत असेल."

हे ऐकून तपासनीस आतून चिडला. भीती होतीच, पण राग तिच्या वर तरंगून आला. कारखान्यात फुली मारायचा हक्क एकट्या तपासनिसाचा. एका सुतारानं एकदा आपणच खडू घेतला होता, त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवला. आणि इथे कुणीतरी त्याच्या हाताची नक्कल करून त्याच्या बायकोवर फुली मारतो.

"फुल्यांचा एक नियम आहे," तो म्हणाला. "सुतारापुढे खुर्च्या एकावर एक रचल्या जातात. ताजी फुली वर. तो वरची आधी घेतो. वरून माल येत राहिला, तर तळाची खुर्ची महिनोन्‌महिने तळाशीच राहते. एक सुतार मला उलटं बोलला होता. त्याला मी एकच खुर्ची अकरा वेळा परत पाठवली. आधी उंच, मग बुटकी, मग पुन्हा उंच."

"मग?"

"मग दुसरं काही करायला त्याला वेळ कुठला?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही फार वाईट आहात हो," ती म्हणाली आणि उठून त्याचे बूट शोधायला लागली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खडूची आख्खी पेटी घेऊन एकटाच चढला. वाटेवरच्या दर दगडावर फुली. झाडांवर, कातळावर, फुटायला आलेल्या गवताच्या झुबक्यांवर.

उंचवट्यापाशी आला तेव्हा पलीकडून हसणं ऐकू आलं. या खेपेला मेहुण्याचं नव्हतं. बायकोचं होतं. पण नाकातला आवाज नव्हता. गुळगुळीत, गोड, कुठेही न अडखळणारं. हसणं थांबलं. काहीतरी खरखरलं. मग पुन्हा तेच हसणं, किंचित डावीकडून आल्यासारखं. पुन्हा थांबलं. मग उजवीकडून.

हे काम तपासनीस ओळखत होता. कुणीतरी ते हसणं बसून बघत होतं.

डोकं म्हणालं, बघू नकोस. तो पोटावर सरपटत गेला आणि उंचवट्यावरून डोळ्यांपुरता वर झाला. पलीकडे उतारावर गवत होतं. गवत एका जागी दाबलेलं होतं, खुर्चीवर माणूस बसतो तेवढ्या मापाचं. दाब डावीकडे कलला. उजवीकडे कलला. मग गवत हळूहळू वर आलं, जड माणूस उठतो तसं, आणि पात्यांची एक ओळ उताराच्या उलट, त्याच्या दिशेनं वाकत आली. एक पाऊल. दुसरं.

तिसरं त्यानं बघितलं नाही. पण पळालाही नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. उभा राहिला आणि कारखान्यातल्या आवाजात ओरडला, "तो कातळ उंच झालाय. दोन बोटं. आधी तो घे."

गवत थांबलं.

रविवारी कातळ दोन बोटं खाली होता. बायकोच्या पाठीवरची फुली होती तिथेच होती. आणि बायको, चहात माशी पडली म्हणून, नाकातून फुर्रकन हसली.

रविवारीच तो म्हणाला, कातळ फार बुटका झाला.

८

मग रोजचंच झालं. सकाळी आठला निघायचं, माथ्यावर नावं ठेवायची, नऊच्या भोंग्याला खाली. वाट रुंद झाली, सगळं गाव इथून गेल्यासारखं वाटतं. वाट अरुंद झाली, दोघं जोडीनं चालायची कशी. फुलं पांढरी हवीत. पांढरी फार झाली. बायकोही येऊ लागली. आधी उंचवट्याशी बसून भावाचा अर्धा विनोद ऐकायची, मग नवऱ्याला एकेक खोट दाखवायची. त्यात ती त्याच्यापेक्षा तरबेज निघाली. इतकी वर्षं तिनं स्वतःला आवरलं होतं म्हणायचं.

टेकाडं मात्र अशी झाली, की बघणाऱ्यानं मोठ्या डोंगराचं नाव काढू नये. गावात कुणी विचारलं तर तपासनीस सांगायचा, काटे आहेत, साप आहेत, कुत्रं चावलं मला. लोक एकमेकांबद्दल वर जाऊन काय काय बोलले असते, याचा तो विचारही करत नसे.

तीन महिने असे गेले. खडूच्या चौदा पेट्या संपल्या. आणि एका गुरुवारी दोघं वर पोचली, तर नावं ठेवायला काही उरलंच नव्हतं. उंच म्हणून झालं होतं, बुटकं म्हणून झालं होतं. टेकाड आता त्याच्या मनात येण्याआधीच दुरुस्त असायचं. तपासनीस खडू हातात धरून फिरत राहिला. दगड बघितले, पानं उलटीपालटी करून बघितली. काही नाही.

"काहीतरी बोला," बायको म्हणाली.

"सुचत नाही."

त्याचा तो रडवेला चेहरा बघून तिला हसू आलं. नाकातला आवाज निघाला, पण अर्धाच. सुरुवात झाली आणि पुढचं गुळगुळीत झालं. तिचं तिला कळलं नाही. त्याला कळलं. पलीकडे गवत खरखरलं, आपल्या जागेवर कुणी सावरून बसावं तसं.

"काय झालं?" ती म्हणाली. "असे काय बघताय?"

"पुन्हा हस."

ती हसली नाही. त्याच्याकडे बघूनच तिला समजलं. तिनं एकदा उंचवट्याकडे बघितलं, एकदा खाली नदीकडे. कपाळावर हाताचा आडोसा धरला आणि शेजारणीशी नळावरून भांडताना लावायची तो आवाज लावला.

"आणि हे ऊन हो? सकाळचं सरळ डोळ्यांत येतं. माणसानं बसायचं कसं? सूर्य चुकीच्या बाजूला आहे."

तपासनीस तिच्याकडे बघतच राहिला. एवढा संसार झाला, पण ही बाई त्याला पुरती कळली नव्हती. मग तो खाली बसला. कारखान्याचा नऊचा भोंगा वाजला, आणि भोंगा वाजत असताना कातळाच्या सावलीचं टोक जिथे होतं, बरोब्बर तिथे त्यानं फुली मारली.

९

तीन आठवडे टेकाडावर काही म्हणजे काही झालं नाही. वाटेत पडलेली फांदी तशीच पडून राहिली. तिसऱ्या वळणावरचा दगड हलायला लागला. बायकोचं हसणं पहिल्यासारखं झालं, किंबहुना जरा जास्तच, एकदा बँकेच्या रांगेत लोकांनी वळून बघितलं. पलीकडून विनोद यायचा, पण बसण्याउठण्याचा आवाज नाही. जो कोणी होता तो कामात होता.

चौथ्या गुरुवारी दोघं कातळाशेजारी उकिडवी बसून भोंग्याची वाट बघत होती. भोंगा वाजला.

सावलीचं टोक फुलीवर नव्हतं. दोन बोटं बाजूला होतं.

डोकं म्हणालं, ऋतू बदलतोय, सावली सरकायचीच. तपासनिसानं मान वर केली. दिवस मोठे होत चालले होते, म्हणजे सावलीनं आखडायला हवं होतं, आणि ती आखडली नव्हती. ती आडवी गेली होती. खाली चिमणीची सावली रोज पुलाच्या पहिल्या कमानीवर पडायची. आज ती पाण्यात पडली होती. गावात कुणी वर बघत नव्हतं. माणसं भोंग्याला कामावर निघाली होती, आपापल्या किंचित तिरक्या सावल्या ओढत.

"जमतंय त्याला," बायको हळूच म्हणाली.

हे खाली कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि यापुढे कुठली खोट काढायची, याचा विचार केला की तपासनिसाचं डोकं गरगरत होतं. पण बायको शेजारी होती. तिच्या पाठीवर फुली होती, आणि फुलीच्या आत ती होती तशीच होती.

उंचवट्यापलीकडे गवत दाबलं गेलं. काम करून आलेलं कुणीतरी पसंतीची वाट बघत बसलं होतं.

तपासनिसानं घसा खाकरला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, ओठ मुडपले.

"छे," तो मोठ्यांदा म्हणाला. "हे फार झालं. एक बोट मागे घे."

त्यानं नवी फुली मारली. आणि बायको त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, नाकातून, डुकरासारखी, पाची टेकाडांना ऐकू जाईल अशी हसली.